मुलीच्या हाती रॅकेट

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)

मागे दाराशी संकोचाने उभ्या राहिलेल्या शेजारच्या पुरुष मंडळींनो, आपण आत येऊन बसलात तर बरे होईल. आजच्या विषयात बापाचा वाटा आईइतकाच, किंबहुना काकणभर अधिकच येणार आहे.

वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले म्हणजे आपल्याकडे आहार, आरोग्य, फार झाले तर एखाद्या संत कवयित्रीचे चरित्र. यंदा कार्यकारिणीने टेनिस खेळणाऱ्या मुली आणि त्यांचे पालक हा विषय मला दिला, याचे पुष्कळजणींना नवल वाटले. मला वाटले नाही. आपल्या आळीतल्याच चार-पाच मुली पहाटे रॅकेटची पिशवी पाठीला लावून निघतात. संध्याकाळी त्यांच्या आया या सभागृहाच्या ओट्यावर बसतात, आणि बोलणे निघते ते फीचे, स्पर्धांचे, गुणांचे आणि क्रमवारीचे. मुलीची झोप पुरी होते का, ती हल्ली हसते का, हे विचारलेले मी तरी फारसे ऐकले नाही. मी स्वतः टेनिसपटू नव्हे. मुलींच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवण्यात माझी वर्षे गेली, आणि खेळणाऱ्या मुलीपेक्षा कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या तिच्या आईबापांकडे पाहण्याची सवय लागली, ती अजून सुटलेली नाही.

आरंभ आपल्याच माणसांपासून करते. वेदांचे थोर अभ्यासक, 'वेदार्थयत्न'कर्ते शंकर पांडुरंग पंडित यांची कन्या म्हणजे पंडिता क्षमाबाई राव. संस्कृतात गांधीजींच्या सत्याग्रहावर काव्य रचणारी, तुकाराम, रामदास आणि ज्ञानेश्वर यांची चरित्रे संस्कृत श्लोकांत लिहिणारी ही बाई. पण त्या टेनिसही खेळत, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? त्यांची मुलगी लीला हिने तोच खेळ उचलला आणि १९३४ साली विम्बल्डनला पहिल्या फेरीचा सामना जिंकला. विम्बल्डनला सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. पुढे याच लीलाबाईंनी आईच्या संस्कृत कथांवर संस्कृतातच नाटके लिहिली. म्हणजे आईकडून मुलीकडे रॅकेटही आली आणि सरस्वतीही आली. त्या घरात रॅकेट आईच्या हातात आधी होती, मुलीच्या हातात नंतर. 'तू खेळ, मी बाहेर बसून हिशेब ठेवते' असा तो प्रकार नव्हता. तुम्हाला खेळता येत नसले तरी चालेल, पण चेंडू लागल्यावर हाताला काय होते आणि हरल्यावर पोटात काय होते, एवढे जिला ठाऊक आहे ती आई मुलीशी निराळे बोलते, असे माझे निरीक्षण आहे.

लहानपणची गोडी कशी लागते, याच्या पुष्कळ गोष्टी आहेत. फ्रान्सची सुझान लेंग्लेन १९१९ साली प्रथम विम्बल्डन जिंकली. तिचे वडील मैदानात जागोजाग रुमाल टाकून ठेवीत आणि पोरीने नेमका रुमालावर चेंडू मारावयाचा, अशी शिकवणी. (याच वडिलांनी ऐन सामन्यात मुलीला ब्रँडीत भिजवलेले साखरेचे खडे पुरवले. तो भाग आपण उचलू नये.) जर्मनीच्या स्टेफी ग्राफने वयाच्या तिसऱ्या वर्षी घराच्या दिवाणखान्यात वडिलांबरोबर चेंडू मारण्यास आरंभ केला.

आणि आपली सानिया मिर्झा. जन्म मुंबईचा, वाढली हैदराबादेत. सहाव्या वर्षी तिला घेऊन गेले तेव्हा प्रशिक्षक म्हणाले, मुलगी फार लहान आहे. महिन्याभराने त्यांनीच आईबापांना बोलावून सांगितले की या वयात असा हात आपण पाहिलेला नाही. त्या वेळी तिकडे टणक पृष्ठभागाची कोर्टे दुर्मिळ. आपण शेणाने सारवलेल्या कोर्टांवर खेळलो, असे तिने अनेकदा सांगितले आहे. नातेवाईक म्हणत, पोर उन्हात काळी पडेल, मग लग्न कसे जमणार? भगिनींनो, हा प्रश्न आपल्याही घरात कोणी ना कोणी विचारतेच. सानियाच्या आईबापांनी त्याकडे पाठ फिरवली आणि मुलीला उन्हात जाऊ दिले. वडील इम्रान मिर्झा तिच्या शिकवणीत अखेरपर्यंत राहिले. २००५ साली हैदराबादेत, स्वतःच्या गावी, ती महिलांच्या व्यावसायिक मालिकेतील एकेरीची स्पर्धा जिंकणारी पहिली भारतीय खेळाडू झाली. २००८ साली मनगटावर शस्त्रक्रिया झाली, एकेरीचा खेळ हळूहळू सुटला, आणि २०१५ साली ती दुहेरीत जगात पहिली झाली. एक दार लागल्यावर घरात रडारड न करता दुसरे उघडण्याची ही तयारी मला विजेतेपदांहून मोठी वाटते.

येथवर सारे गोड झाले. आता कडू.

जेनिफर कॅप्रिआती ही अमेरिकन मुलगी मार्च १९९० मध्ये व्यावसायिक खेळाडू झाली, तेव्हा तिला चौदावे वर्ष पुरे व्हावयास तीन आठवडे अवकाश होता. पहिल्याच स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली. त्याच वर्षी फ्रेंच स्पर्धेत उपांत्य फेरी. कपडे आणि रॅकेट विकणाऱ्या कंपन्यांचे करार तर त्याआधीच ठरले होते. म्हणजे मुलगी मैदानात उतरण्यापूर्वीच तिच्या घामाचा भाव झाला होता. १९९२ साली बार्सिलोनाला ग्राफला हरवून ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवले. वय सोळा. आणि १९९३ च्या अमेरिकन स्पर्धेत पहिल्या फेरीत हरून ती जी गेली, ती खेळ सोडूनच. पुढच्या वर्षी गांजा बाळगल्याच्या आरोपावरून पोलिसांनी तिला पकडले आणि ते छायाचित्र जगभर छापून आले. लोकांनी सारा दोष वडिलांना दिला. मला तो अर्धाच पटतो. बापाने ढकलले हे खरे, पण स्पर्धा भरवणारे, करार करणारे, तिकीट काढून पाहणारे आणि 'केवढीशी पोर!' म्हणून टाळ्या वाजवणारे, अशा सगळ्यांचेच हात तिच्या पाठीवर होते. ढकलणारे पुष्कळ, आवरणारा कोणी नाही.

ते आवरण्याचे काम शेवटी नियमाला करावे लागले. १९९५ पासून महिला टेनिसमध्ये वयाचा नियम कडक झाला. चौदा वर्षांखालील मुलीला व्यावसायिक स्पर्धेत प्रवेश नाही. चौदा ते सतरापर्यंत वर्षाकाठी ठराविकच स्पर्धा, दर वाढदिवसाला थोड्या वाढत्या. अठरा पुरी झाल्यावर मोकळीक. कॅप्रिआती परत आली, २००१ साली ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच अशी दोन्ही विजेतेपदे तिने मिळवली, हे वाचून मला फार आनंद झाला होता. पण मधली वर्षे तिला कोण परत देणार?

'किंग रिचर्ड' हा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला आहे. व्हीनस आणि सेरेना विल्यम्स यांचे वडील रिचर्ड. दूरदर्शनवर एका विजेत्या खेळाडूला चाळीस हजार डॉलरचा धनादेश मिळताना पाहून त्यांनी, मुली जन्मण्यापूर्वीच, त्यांना खेळाडू करण्याचा आराखडा लिहून काढला, ही कथा सर्वांच्या तोंडी आहे. चित्रपट पाहून काही बाप वही घेऊन बसले, असेही मी ऐकते. माझी विनंती आहे की त्यांनी गोष्टीचा दुसरा भाग वाचावा. व्हीनस दहा वर्षांची असताना दक्षिण कॅलिफोर्नियात तिला कोणी हरवू शकत नव्हते. अशा वेळी दुसऱ्या कोणीही तिला गावोगाव खेळवले असते. या माणसाने काय केले? १९९१ साली कुटुंब फ्लोरिडाला रिक मॅकी या प्रशिक्षकाकडे नेले आणि दोन्ही मुलींना कुमारांच्या स्पर्धांतून चक्क काढून घेतले. सराव करा, अभ्यास करा, स्पर्धा नको. शेजारी हसले असतील, प्रशिक्षकांनाही ते पटत नव्हते. आणि आई ओरासीन, जिचे नाव कोणी घेत नाही, ती स्वतः खेळ शिकून मुलींबरोबर कोर्टावर उभी राहत असे. जन्माआधीचा आराखडा मला मुळीच रुचत नाही, हे स्पष्ट सांगते. मूल म्हणजे घराचा नकाशा नव्हे. पण जिंकणाऱ्या मुलीला घरी ठेवण्याचे धैर्य फार थोड्या बापांना असते.

माझ्या मनात सर्वांत अधिक रेंगाळतात त्या मात्र १९९९ सालच्या दोन सामन्यांतल्या दोन मुली.

मार्टिना हिंगिसची आई मेलनी मोलिटोर स्वतः खेळाडू आणि हीच मुलीची प्रशिक्षक. नाव मार्टिना नवरातिलोव्हावरून ठेवलेले, दोन वर्षांची असताना हातात रॅकेट. येथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल की झाले, ही पण ढकलणारीच. पण मुलीला घोडेस्वारीचा नाद होता आणि आईने तो तोडला नाही. १९९७ साली, सोळाव्या वर्षी, ती जगात पहिली झाली, आणि त्याच वसंतात घोड्यावरून पडून गुडघा दुखावून बसली. प्रशिक्षक म्हणून आईने कपाळाला हात लावला असेल. आई म्हणून तिने घोडा विकला नाही. १९९९ च्या फ्रेंच स्पर्धेचा अंतिम सामना ग्राफशी. विजय अगदी हाताशी आलेला असताना हिंगिस पंचांशी वाद घालत जाळ्यापलीकडे गेली, गुण गमावला, प्रेक्षक उलटले, आणि सामना हातचा गेला. अठरा वर्षांची मुलगी रडत कोर्टाबाहेर पळाली. बक्षीस समारंभासाठी तिला परत आणले ते आईने, खांद्याभोवती हात टाकून. त्या क्षणी ती स्त्री प्रशिक्षक नव्हती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी विम्बल्डन. मायलेकींनी काही काळ लांब राहावयाचे ठरवले होते आणि आई आली नव्हती. पहिल्याच फेरीत जगातली अव्वल खेळाडू ६-२, ६-० अशी हरली. हरवणारी मुलगी सोळा वर्षांची, पात्रता फेरीतून आलेली, क्रमवारीत १२९ वी. तिचे नाव येलेना डोकिच. जगाला वाटले, केवढी भाग्यवान पोर!

त्या पोरीने २०१७ साली आत्मचरित्र लिहिले. वडील डामिर हेच तिचे प्रशिक्षक. अगदी लहानपणापासून ते आपल्याला पट्ट्याने मारीत, असे तिने लिहिले आहे. २००० साली ती विम्बल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत गेली आणि हरली. सतरा वर्षांची मुलगी विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचते! आपल्या घरात पेढे वाटले असते. बापाने तिला सांगितले, हॉटेलवर येऊ नकोस. ती खेळाडूंच्या विश्रांतीच्या खोलीत रात्री निजावयास जागा शोधत राहिली, आणि तेथील सफाईच्या माणसांच्या दृष्टीस पडली.

भगिनींनो, येथे मला थोडे थांबावयाचे आहे, कारण हे ऐकून आपण 'बाई बाई, काय राक्षस' म्हणतो आणि सुटतो. तो माणूस काही अंधारात नव्हता. स्पर्धेच्या ठिकाणी आरडाओरडा करताना, पोलिसांनी बाहेर काढताना त्याला साऱ्या जगाने पाहिले होते. वर्तमानपत्रांनी त्याचा विनोद केला. त्यापूर्वीच १९९३ साली मेरी पीअर्स या खेळाडूच्या वडिलांना अशाच वर्तनाबद्दल स्पर्धांना येण्यास बंदी झाली होती, म्हणजे असे बाप असतात हे कोणाला नवे नव्हते. मुलीच्या अंगावरचे वळ मात्र कोणी विचारले नाहीत, कारण मुलगी जिंकत होती. जिंकणाऱ्या मुलीच्या घरात सर्व ठीकच असणार, असे आपण धरून चालतो.

म्हणून या सभागृहात आयांइतकेच शेजारणींना मला सांगावयाचे आहे. मुलगी हरून आली की ज्या घरातून दोन दिवस आवाज येत नाही, किंवा नको तेवढा येतो, ते घर आपल्याला ठाऊक असते. वाटी घेऊन साखर मागावयास आपण जातो, तसेच त्या दिवशीही जावे. तसेच प्रशिक्षकाचे. बहुतेक प्रशिक्षक कष्टाळू आणि सज्जन असतात, पण जो म्हणतो की सराव चालू असताना पालकांनी फिरकू नये, मुलीने एकटीने यावे, परगावच्या स्पर्धेला माझ्याबरोबर एकटी पाठवा, त्याला स्पष्ट नकार द्यावा, त्याची ख्याती कितीही मोठी असो. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१२ सालचा कायदा आहे, आणि त्यात ज्याला अशी गोष्ट कळली त्याने ती कळवणे बंधनकारक आहे, शेजारणीलाही. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा दूरध्वनी आहे. तो आपल्या फलकावर लिहून ठेवावा, अशी सूचना मी कार्यकारिणीला केली आहे.

प्रशिक्षकाच्या दुसऱ्या एका दोषाचा पुरावा अमेरिकेच्या मॉरीन कॉनोली हिने स्वतःच लिहून ठेवला आहे. १९५३ साली एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारी ती पहिली स्त्री. तिच्या प्रशिक्षिका एलिनोर टेनंट यांनी तिला प्रतिस्पर्ध्याचा द्वेष करावयास शिकवले. मुलगी जिंकली, पण समोरच्या मुलींशी तिला मैत्री करता येईना. आणि १९५२ साली ती त्या बाईंपासून दूर झाली. तुमच्या मुलीला तिच्या प्रशिक्षकाने समोरच्या मुलीविषयी काय सांगितले, हे अधूनमधून विचारीत जा.

आता घरातल्या बारीकसारीक गोष्टी, झटपट सांगते. दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत आता मंद चेंडू वापरावे लागतात. लाल, नारिंगी, मग हिरव्या ठिपक्याचे. लाल चेंडूचे कोर्टही अकरा मीटरचे, पुरे कोर्ट पावणेचोवीस मीटरहून थोडे मोठे. पुष्कळ बाप लाल चेंडू पाहून नाक मुरडतात आणि पोरीला पहिल्या दिवसापासून पिवळ्या चेंडूपुढे उभी करतात. तसे करू नका, खांदा आणि मनगट कोवळे असते. खेळवैद्यकातील जाणकारांचा ठोकताळा असा की आठवड्यातले सरावाचे तास मुलीच्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त नसावेत. दहा वर्षांची मुलगी, तर दहा तास, फार तर. दुखते म्हणाली की दुखते. बाम चोळून पाठवू नये.

पाळी सुरू होण्याच्या सुमारास पुष्कळ मुली खेळ सोडतात आणि कारण सांगत नाहीत. खुद्द विम्बल्डनला पांढऱ्या कपड्यांचा कडक नियम होता. खेळाडू स्त्रियांनी तक्रार केली तेव्हा २०२३ पासून आतली चड्डी गडद रंगाची चालेल अशी सवलत मिळाली. एवढ्या जुन्या संस्थेला जे कळले ते आपल्या क्लबातल्या गृहस्थांनाही सांगता येईल. मात्र सांगावयास आई हवी.

आणि स्कूटरवरून घरी येतानाचा तो प्रवास! बाप पुढे, मुलगी मागे, आणि चौकाचौकात 'तो बॅकहँड का सोडलास?' खेळाची चिकित्सा प्रशिक्षकाने करावी, दुसऱ्या दिवशी करावी. वाटेत उसाच्या रसाचे गुऱ्हाळ लागते, तेथे थांबावे.

शेवटचा प्रश्न, जो या महिन्यात मला आपल्यापैकी एकीने विचारला. मुलगी बारा वर्षांची, जिल्ह्यात चांगली खेळते. प्रशिक्षक म्हणतात शाळा सोडवा, मुक्त विद्यालयातून परीक्षा देईल, दिवसभर सराव होईल. बाईंचे यजमान कर्ज काढावयास तयार आहेत. काय करावे?

त्याग करणारी घरे मी पाहिली आहेत आणि त्यांची थट्टा करणार नाही. अंकिता रैना अहमदाबादची; तिची आई तिला घेऊन पुण्यास राहावयास आली, हेमंत बेंद्रे यांच्याकडे ती शिकली, आणि २०१८ साली आशियाई स्पर्धेत एकेरीचे कांस्यपदक घेऊन आली. पण आपल्याच श्रीरामपूरची ऋतुजा भोसलेही पाहा. ती अमेरिकेतल्या टेक्सासमधील विद्यापीठात शिकली, तेथील संघातून खेळली, आणि २०२३ साली हांगझोऊला रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. पुस्तक आणि रॅकेट यांची सवत-सवत असतेच असे नाही. मी त्या बाईंना म्हटले, दहावीपर्यंत शाळा सोडवू नका. शाळेत हरणे-जिंकणे नसलेल्या मैत्रिणी असतात, त्या तिला लागतील. आणि कर्ज मुळीच काढू नका. ज्या दिवशी घराचा हप्ता मुलीच्या सर्व्हिसवर अवलंबून राहील, त्या दिवशी तिला 'मला आज खेळायचे नाही' असे म्हणता येणार नाही. ग्राफसारख्या मुलीचे वडीलदेखील तिच्या कमाईच्या कराच्या भानगडीत १९९७ साली दोषी ठरले. पैसा घरात शिरला की बाप बाप राहणे अवघड जाते. त्यांनी विचारले, 'मग मुलगी मागे पडली तर?' मी म्हटले, मुलीला विचारले का? त्या गप्प बसल्या. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, विचारले. ती म्हणाली, शाळा हवी, टेनिसही हवे, फक्त पहाटेचा एक दिवस झोपू द्या.

तो दिवस रविवार ठरला आहे. बाकीच्या दिवसांसाठी पाच घरांनी मुलींना पोहोचवण्या-आणण्याच्या पाळ्या लावून घ्याव्यात, म्हणजे एका आईवर भार पडणार नाही. कागद चिटणीसबाईंच्या टेबलावर ठेवला आहे. चहाला जाताना नावे लिहावीत. ज्यांना मुली नाहीत त्यांनीही लिहिली तर हरकत नाही.